आवारातलं ऊन

गोरेगावात परसदार आता क्वचितच कुणाकडे उरलं आहे. जुन्या बैठ्या घरांमागची मोकळी जागा इमारतींनी घेतली. परस म्हणावं असं राहिलं ते सोसायटीचं आवार, आणि कुंपणाच्या भिंतीला टेकलेली सायकल-स्कूटरची शेड. तिच्यावरचा पत्रा काढून तिथे सौर पॅनेलचंच छप्पर घालावं, असं मला मनापासून वाटतं.

पावसाची शंका आधी निघते आणि ती रास्त आहे. दोन पॅनेलांमधली फट गळते. तिच्याखाली ॲल्युमिनियमची पन्हळ द्यावी लागते, कडेला रबरी पट्टी आणि छपराला नीट उतार. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून खांब जीआयचे हवेत. सांगाडा मात्र वेल्डिंगचा नको, नटबोल्टचा हवा. ‘बिल्डिंग पुनर्विकासाला जायचीच आहे, मग खर्च कशाला?’ असं विचारणाऱ्यांना त्यातच उत्तर आहे: शेड उघडून नव्या जागी पुन्हा उभी करता येते.

आजच्या मोठ्या पॅनेलांपैकी आठ बसवली तर साधारण ४ किलोवॉट होतात आणि दहाएक स्कूटर त्यांच्याखाली मावतात. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सोळाच्या आसपास युनिट. ऐन पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला तीनेक युनिट लागतात. म्हणजे हे छप्पर रोज पाचशे किलोमीटर चालवील.

पण ऊन भर दुपारी असतं, आणि भर दुपारी शेड रिकामी असते. गाड्या स्टेशनाबाहेर नाहीतर ऑफिसखाली उभ्या असतात. मग ती वीज जाते कुठे? सोसायटीच्या मीटरला जोडली असेल तर पाण्याच्या पंपाला, लिफ्टला, आणि उरलेली नेट मीटरिंगमधून ग्रिडमध्ये. नोकरदारांच्या गाड्यांवरचं छप्पर घरी असलेल्या आजी-आजोबांची लिफ्ट चालवतं, चौथ्या मजल्यावर पाणी चढवतं. मला या योजनेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पीएम सूर्यघर योजनेतही सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान आहे आणि वाहनांचं चार्जिंग त्यात धरलेलं आहे.

‘माझी गाडी पेट्रोलची, मी वर्गणी का देऊ?’ असं विचारणारा सभासद प्रत्येक सभेत असतो. त्याला दहिसरच्या पांचाली सोसायटीचा खटला सांगावा. स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, ते सामायिक जागेतच येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. जमीन सगळ्यांची, तर तिच्यावर पडणारं ऊनही सगळ्यांचंच. १९६१ साली याच गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणालताई गोरे पाण्यासाठी भांडल्या त्या हक्क म्हणून. उन्हाकडे आपण अजून तसं पाहत नाही.

पाहायला हवं, कारण ऊन हिरावलंही जातं. शेजारी टॉवर उठला की आवारात दुपारी तीनलाच संध्याकाळ होते. एकापाठोपाठ एक जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी सावली पडली, तरी साध्या जोडणीत साऱ्या रांगेची वीज घटू शकते. १८८२ चा सुखाधिकार कायदा वीस वर्षं इमारतीत विनाखंड येत असलेल्या उजेडाला संरक्षण देतो. पण शेडच्या छपरावरच्या उन्हाचा विचार त्या काळी कोण करणार? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शेड उभारण्याआधी शेजारच्या प्लॉटवर काय येणार आहे हे विचारून घ्यावं, आंब्याची फांदी आड येते म्हणून झाडावर कुऱ्हाड न घालता शेडच दोन हात सरकवावी, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात स्पष्ट लिहावं: वीज आधी पंपाला, लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना, चार्जिंगला वेगळा मीटर, ज्याने जेवढी वापरली तेवढे पैसे त्याने भरायचे, आणि पुनर्विकासाचा करार होईल तेव्हा नव्या आवाराच्या नकाशात ही शेड आधी दाखवायची.