गाडी गेली, फळा पुसा

एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले आबा एप्रिल 2021मध्ये नातवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. पुण्यातल्या आसपासच्या सोसायट्यांमधल्या पोरांनी तो काढला होता. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर, डबे, सगळं त्यावरच. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती आणि मोबाइल खाली ठेवायची सोय नव्हती.

ग्रुपने कामं केली, हे आधी सांगायला हवं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबे पोचले, एका घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर गरज संपल्यावर दुसऱ्या घरी गेला. ग्रुपवरच्या डॉक्टरताई पुन्हा पुन्हा सांगायच्या : पालथं झोपवा, ऑक्सिमीटर 94च्या खाली दाखवू लागला तर घरी थांबू नका. पोरांना ते पाठ झालं. पण कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढवण्याचा मेसेजही त्याच ग्रुपवर रोज सकाळी हजर. आलेलं पुढं ढकलायचं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, ही सगळ्यांची समजूत. घरात कोंडलेल्या माणसाला तेवढंच काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

आबांना टायपिंग जमत नव्हतं. फोन लावणं जमत होतं. एका संध्याकाळी मेसेज आला : ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा. पेशंट क्रिटिकल.’ खाली नंबर. तारीख नाही. सोसायटीतला एक मुलगा कोविडमधून उठलेला, त्याच रक्तगटाचा आणि द्यायला तयार. त्याला बाहेर काढण्याआधी आबांनी नंबर फिरवला.

पहिल्याच रिंगला एका बाईंनी फोन उचलला. “प्लाझ्मासाठी ना? आता नको, काका. हे मंगळवारीच गेले.”

आबांना काय बोलावं सुचेना. माफ करा म्हणाले.

“तुमचं काय चुकलं? सकाळपासून फोन चालूच आहेत. बंदही ठेवता येत नाही. मुलगा ॲडमिट आहे, तिथून फोन आला की उचलावा लागतो.”

आबा नातवाकडे गेले. “तो मेसेज काढ.”

“आपल्याकडचा काढतो, आबा. पण तो आणखी किती ग्रुपवर असेल कुणाला माहीत?”

“आपल्याला कुणी पाठवला?”

खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांना मेहुण्याने, मेहुण्याला ऑफिसातल्या सहकाऱ्याने. आबा एकेकाला फोन लावत मागे मागे गेले. प्रत्येकाला एकच सांगणं : बाईंना फोन नकोत, तुम्ही ज्यांना पाठवलात त्यांना तेवढं कळवा. बहुतेकांनी ऐकलं. एकजण मात्र उखडला. “अहो, आम्ही चांगल्या हेतूनंच पाठवला होता!”

“हेतूबद्दल मी कुठं काय म्हणतोय? गाडी सुटल्यावर फळ्यावर नाव तसंच राहिलं, तर माणूस बाकावर वाट बघत बसतो. गाडी गेली, फळा पुसा.”

पुढे एका नंबरपाशी माग तुटला. त्या गृहस्थाला मेसेज कुठल्या ग्रुपवरून आला तेच आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून नातवाने नियम लावला. मेसेजवर तारीख, वेळ आणि ‘मी स्वतः फोन करून खात्री केली’ हे नसेल तर तो उडवायचा; काम झालं की टाकणाऱ्यानेच पुसायचा. काही जण ‘इथं फार कटकट आहे’ म्हणून ग्रुप सोडून गेले. मेसेज चांगलेच रोडावले, पुरचुंडी तर गायबच झाली. माझ्या मते ग्रुप खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला तो तेव्हापासून, कारण रात्री-अपरात्री ग्रुपवरचा नंबर लावला की ज्याच्याकडे खरंच काही आहे असा माणूस फोनवर येऊ लागला.

प्लाझ्माची गोष्ट तर आणखी वेगळी. देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर आयसीएमआरने केलेल्या चाचणीत प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू कमी झाले. हा निष्कर्ष ऑक्टोबर 2020मध्येच प्रसिद्ध झाला होता. 17 मे 2021 रोजी प्लाझ्मा उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. बाईंचा नंबर असलेला मेसेज त्यानंतरही फिरत होता.