दिवा कोणाचा ?

अलिबागजवळच्या थळ गांवच्या किनाऱ्यावर सायंकाळीं उभें राहिलें म्हणजे समोर समुद्रांत दोन बेटें दिसतात. जवळचें तें उंदेरी आणि पलीकडचें तें खांदेरी. खांदेरीच्या टेकडीवर, जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आंत, एक दीपगृह आहे. अंधार पडूं लागला कीं त्याचा दिवा लागतो आणि मुंबईच्या वाटेवरील जहाजांस व थळच्या कोळ्यांच्या होड्यांस तो सारखाच दिसतो. किल्ला आणि दिवा यांचा हा शेजार पाहिला कीं आमच्या मनांत एक प्रश्न वारंवार येतो. परक्या सत्तेनें आपल्या लाभासाठीं लावलेला दिवा, ती सत्ता गेल्यावर आणि त्या दिव्यावांचूनही जहाजें चालूं लागल्यावर, आपण जपावा काय ? आणि जपावा, तर त्यांतलें नेमकें काय जपावें ?

प्रथम जागेचा इतिहास पाहूं. इ. स. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं हें बेट तटबंदीसाठीं निवडलें, तें त्याच्या मोक्याच्या स्थानामुळें. मुंबईच्या बंदरांत दक्षिणेकडून शिरणाऱ्या गलबतावर येथून सहज नजर ठेवतां येई. एका अंगास इंग्रजांची मुंबई व दुसऱ्या अंगास जंजिऱ्याचा सिद्दी. त्या दोघांच्या मध्यें ही पाचर मारलेली होती. मायनाक भंडाऱ्यानें माणसें व सामान घेऊन काम सुरू केलें, आणि इंग्रजांस त्याचा अर्थ तत्काळ उमगला. रसद तोडण्यासाठीं त्यांनीं आपलीं गलबतें पाठविलीं. ऑक्टोबर महिन्यांत लढाई झाली. तींत मराठ्यांच्या आरमारानें इंग्रजांचें ‘डव्ह’ नांवाचें गलबत पकडलें. पुढें १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं माघार घेतली. सिद्दीनें मात्र शेजारची उंदेरी बळकावली, आणि तोफांच्या टप्प्यांतलीं हीं दोन बेटें एकमेकांचीं वैरी होऊन बसलीं. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं, १७१८ सालीं, मुंबईच्या इंग्रजांनीं पुन्हा एकवार खांदेरीवर स्वारी केली, तीही फसली.

असें हें बेट कालांतरानें इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि १८६७ सालीं त्यांनीं तेथें दीपगृह बांधलें. ज्या उंचवट्यावरून परक्याचें गलबत हेरून अडवितां येत होतें, त्याच उंचवट्यावरून आतां येणाऱ्या प्रत्येक गलबतास खडक चुकविण्याचा इशारा मिळूं लागला. दूरवर पाहण्याची सोय तीच. तिचा उपयोग मात्र अगदीं उलट.

यावरून एखादा घाईनें म्हणेल कीं, आमच्या लोकांनीं किल्ला बांधला आणि इंग्रजांनीं दिवा लावला, तेव्हां इंग्रज अधिक उदार. हा निष्कर्ष आम्ही साफ नाकारतों. ज्याच्या दाराशीं दोन शत्रू उभे आहेत त्यास अगोदर तट बांधावा लागतो. दिवा लावण्याची चैन त्याला परवडत नाहीं. इंग्रजांनाही ती परवडली तेव्हां या किनाऱ्यावर त्यांस अडविणारें कोणी उरलें नव्हतें. शिवाय, कापसाच्या व्यापारानें मुंबईचें बंदर भरभराटीस आलें होतें, आणि बुडालेलें जहाज म्हणजे बुडालेलें भांडवल, हा हिशेब व्यापाऱ्यास शिकवावा लागत नाहीं. खांदेरीच्या दिव्याच्या मुळाशीं भूतदया शोधूं जाणें हा भाबडेपणा होईल.

परंतु कर्त्याचा हेतु काय होता एवढ्यावरच कृतीचें मोल ठरतें काय ? आमच्या मतें नाहीं. आणि दीपगृह हें याचें सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. दिवा लावणाऱ्यास दिवा लावावा कीं लावूं नये एवढेंच ठरवितां येतें. एकदां तो लागला म्हणजे तो कोणास दिसावा हें त्याच्या हातीं राहत नाहीं. थळच्या तांडेलानें एक पैही दिली नव्हती, आणि त्याच्यासाठीं तो दिवा कोणी लावलाही नव्हता. तरी काळोख्या रात्रीं होडी परत आणतांना तोच उजेड त्याच्याही कामीं आला. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत दीपगृहाचें उदाहरण घेतलें, तें याच कारणासाठीं : समुद्रांत प्रकाशाचा लाभ घेणाऱ्याकडून त्याचें मोल वसूल करतां येत नाहीं, म्हणून असें काम सरकारनें करावें. पुढें १९७४ सालीं रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, इंग्लंडांत पूर्वीं खासगी मालकांचींही दीपगृहें होतीं आणि त्यांचा कर बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून घेतला जात असे. दोघांचा वाद खर्च कोणी भागवावा याविषयींचा आहे. कर न देणाऱ्या होडीपुरता दिवा विझवितां येतो, असें मात्र दोघांपैकीं कोणीही म्हणत नाहीं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याबाहेरील एडिस्टोन खडकाविषयीं एक कथा सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस विन्स्टन्ली नांवाचा गृहस्थ तेथें पहिलें दीपगृह बांधीत असतां फ्रेंच चांच्यांनीं त्यास पकडून नेलें. दोन्ही देशांत तेव्हां युद्ध चालू होतें. तरी फ्रान्सच्या राजानें, आपलें वैर इंग्लंडशीं आहे, साऱ्या मानवजातीशीं नाहीं, असें म्हणून त्यास सोडून दिलें. कथेंत पुढच्यांनीं थोडी भर घातली असेल. परंतु ती टिकली याचें कारण, दिवा हा एका पक्षाचा असत नाहीं हें ऐकणाऱ्यास सहज पटतें. यावर कोणी आक्षेप घेईल कीं, युद्धकाळांत दिवे विझवितातच. खरें आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील अनेक दिवे विझविले किंवा मंद केले गेले होते. पण हा आक्षेप आमच्याच म्हणण्यास बळकटी आणतो. दिव्याला एकट्या शत्रूस वगळतां येत नाहीं. त्यास वगळावयाचें तर मित्रालाही अंधारांत ठेवावें लागतें.

मग परक्या सत्तेनें केलेलें प्रत्येक काम असेंच गौरवावें काय ? तसें आम्ही म्हणत नाहीं. आगगाडी कोठून कोठें न्यावी, तींतून कोणता माल जावा, कोणीं कोणत्या डब्यांत बसावें, हें तिच्या मालकास ठरवितां येत होतें, आणि त्यानें तें आपल्या सोयीनें ठरविलेंही. तेथें मालकाचा हेतु कामाच्या अंगीं अखेरपर्यंत मुरलेला राहतो. दिव्याच्या बाबतींत तो दिवा लागतांक्षणींच गळून पडतो. म्हणून लावणाऱ्याचे उपकार न मानतांही दिव्याचे उपकार मानतां येतात, आणि त्यांत स्वाभिमानास कांहीं उणेपणा येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आतां दिव्याची गरजच काय ? जहाजावरील यंत्रास आकाशांतील उपग्रहांकडून संदेश मिळतात आणि आपण कोठें आहों हें नाविकास घरबसल्यासारखें कळतें. हें सोयीचें आहे यांत शंका नाहीं. परंतु ही सोय दिव्याच्या जातीची आहे कीं किल्ल्याच्या, हें एकदां पाहिलें पाहिजे. अमेरिकेची जी. पी. एस. ही व्यवस्था लष्कराची. मे २००० पर्यंत इतरांस मिळणारा तिचा संदेश जाणूनबुजून कमी अचूक ठेवला जात असे, आणि नेमका संदेश स्वतःच्या सैन्यासाठीं राखलेला होता. पुढें तें बंधन उठविलें. पण उठविणारा हात ज्याचा, त्याचाच तें घालणाराही हात होता. आपल्या देशानेंही स्वतःची ‘नाविक’ ही उपग्रहव्यवस्था उभारली, ती अशा परावलंबनाची जाणीव झाल्यामुळेंच. या व्यवस्थांत आपला आणि परका असा भेद करण्याची शक्ति मुळांतच आहे. ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. किल्लाही वाईट नव्हता. पण ज्या साधनाला भेद करतांच येत नाहीं तें टाकून, ज्याला तो करतां येतो त्यावरच सर्वस्वीं विसंबणें, हा केवळ यंत्रांतला बदल नव्हे.

म्हणून काय जपावें, याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे. त्याच एडिस्टोनवर जॉन स्मीटन यानें १७५९ सालीं पुरा केलेला दगडी मनोरा सव्वाशें वर्षें लाटा सोशीत उभा होता. मनोरा शाबूत राहिला, पण त्याखालचा खडक समुद्रानें पोखरला. तेव्हां शेजारीं दुसरा मनोरा बांधून १८८२ सालीं तेथें दिवा लावला. जुन्याचा वरचा भाग लोकांनीं वर्गणी काढून, दगड सुटे करून प्लिमथ येथें आणला आणि किनाऱ्यावरील माळावर पुन्हा उभारला. त्याचा बुंधा अद्याप समुद्रांत आहे. ही कृतज्ञता सुंदर आहे, आणि ती निश्चिंतपणें करतां आली, कारण खडकावरचा दिवा एक रात्रही कायमचा गेला नव्हता. उलट अलेक्झांड्रियाचें जगप्रसिद्ध दीपगृह चौदाव्या शतकांतील भूकंपांनीं ढासळलें आणि पुढें १४७७ च्या सुमारास त्याच जागीं सुलतान काइतबे यानें किल्ला बांधला. तेथें दिव्याच्या जागीं किल्ला आला. खांदेरीस किल्ल्यांत दिवा आला. दोन्ही एकत्र नांदत आहेत असें स्थळ आपल्या वाट्यास आलें, हें आपलें भाग्यच म्हटलें पाहिजे.

खांदेरीचा किल्ला २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसायादींत मराठ्यांच्या अकरा इतर किल्ल्यांसह दाखल झाला. दीपगृहांविषयींच्या २०२१ च्या कायद्यांतही वारसा म्हणून जपावयाच्या दीपगृहांची तरतूद आहे. कागदोपत्रीं दोहोंची सोय झाली, तरी एक भीति आम्हांस वाटते. तट जपतांना कोणी दिव्यास परक्याची खूण म्हणून उपरा मानील, किंवा दिवा जपतांना त्याची भिंत रंगवून ज्योतीकडे दुर्लक्ष करील. बेटावर वेताळाचें ठाणें आहे. कोळी त्यास पिढ्यान्‌पिढ्या भजत आले आहेत, आणि तें जिवंत आहे तें या येण्याजाण्यामुळेंच. दिव्याचेंही तसेंच आहे. रात्रीं लागत नाहीं तो दीपस्तंभ केवळ स्तंभ होय.

१९९८ सालीं या बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें, आणि दीपगृहही आतां त्याच नांवानें ओळखलें जातें. कान्होजींचें दस्तक घेतल्यावांचून या किनाऱ्यावर गलबत निर्धास्त फिरकत नसे. आपल्या समुद्रावर आपली सत्ता आहे हें परक्यांस समजावून देण्याचा तो त्या काळचा मार्ग होता आणि तो योग्यच होता. आज त्यांच्या नांवाचा दिवा कोणाकडेही दस्तक मागत नाहीं. यांत त्यांच्या स्मृतीचा अवमान आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्याची सत्ता निर्वेध आहे त्यानेंच परक्याच्या होडीलाही उजेड दाखवावा, आणि तो दाखवीत असतां आपला तट ढळूं देऊं नये. दिवा लावला कोणीं, हें इतिहास सांगेल; तो आतां कोणाचा, हें आज रात्रीं तो कोण लावतो यावरून ठरेल.