मिटलेली पाने

मानवी पेशीच्या सूक्ष्म केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एचपी१ हे प्रथिन हिस्टोनवरील ठरावीक खूण ओळखून त्यास बिलगते, आणि तो भाग घट्ट मिटतो. तेथील बहुतेक जनुके मूक होतात, परंतु पुसली जात नाहीत. डोळ्याच्या व यकृताच्या पेशींत ग्रंथ एकच. उघडी पाने निराळी. सारीच उघडी असती, तर डोळा डोळा झाला नसता.

मग बंधन म्हणजे स्वातंत्र्याचा लोपच काय? निसर्ग येथे दृष्टान्त देतो, निवाडा नव्हे. कारण पेशीला निवड नसते, माणसाला असते. विवाहाचे वा व्रतस्थ जीवनाचे वचन देणारा इतर वाटा स्वेच्छेने मिटतो, तेव्हाच एक वाट त्याची होते. मुलांच्या वतीने आईबापांनी ती मिटू नये. बळजबरीने वा गंभीर भयापोटी झालेला विवाह ख्रिस्तसभेचा कायदाही अवैध ठरवतो.