आयुष्याचें मोल

गोदातीरावरील पुणतांबा हें गांव चांगदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्ध आहे. योगबळानें १४०० वर्षें मृत्यूला परतवून लावणाऱ्या त्या सिद्धाची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? मागील वर्षीं त्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलों असतां शेजारीं एक शेतमजूर आपल्या सहा वर्षांच्या मुलासह येऊन बसला. मुलास रक्ताचा कर्करोग झालेला. मुंबईस महिनाभर उपचार होऊन रोग हटल्यासारखा दिसत होता, आणि डोक्यावरील केस गेलेलें तें पोर खडे मांडून खेळण्यांत दंग होतें. पुढील खेप केव्हां, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "पोरगं आता खेळतंय, सर. म्हैस गेली, थोरलीची शाळा सुटली. अजून दोन वर्सं कशी काढायची?"

हा रोग वरकरणी हटला तरी औषध दोन-तीन वर्षें चालू ठेवावें लागतें. मध्येंच सोडल्यास तो बहुधा उलटतो. डॉक्टरांनीं हें त्यास सांगितलें होतें, व त्यास तें समजलेंहि होतें. मग उपचार सोडूं पाहणारा हा बाप अपराधी म्हणावा काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. एका अपत्याचा जीव आणि दुसऱ्याचें भवितव्य यांतून निवड करण्याची पाळी ज्यावर आली, त्याचा न्याय करण्यापूर्वीं ती पाळी कशानें आली हें पाहिलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रतिवर्षीं सुमारें चार लक्ष मुलामुलींना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांतील शेंकडा ८० हून अधिक बरीं होतात. अनेक निर्धन देशांत शेंकडा ३० हि वांचत नाहींत. रोग तोच, औषधेंहि बहुतेक तींच. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हें जुनें औषध तर आपल्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीपासून निघतें. तेव्हां उणीव ज्ञानाची नव्हे. उशिरां होणारें निदान, दूरचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि परक्या शहरांत निवाऱ्याची वाण, यांनींच पुष्कळ मुलें दगावतात.

कोणी म्हणेल, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत शासकीय आरोग्यखर्चाचें उद्दिष्टच राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा अडीच एवढें होतें. इतक्या तुटपुंज्या पैशांत लस आणि स्वच्छ पाणी आधीं पाहावें कीं एकट्यादुकट्याचा दुर्धर रोग? हा आक्षेप तुच्छ नव्हे. लसीचा पैसा काढून येथें घालावा असें आम्हीहि म्हणणार नाहीं. परंतु पहिल्या महिन्याच्या उपचारावर झालेला खर्च पुढील भाड्याअभावीं मातींत जाऊं देणें ही काटकसर कोणत्या शास्त्रांत बसते? टाटा स्मारक रुग्णालय मुंबईंत १९४१ सालीं उघडलें. अशा मुलांच्या कुटुंबांस विनामूल्य निवारा देणाऱ्या सेंट जूड इंडिया या संस्थेचें कार्य तेथें २००६ सालीं सुरू झालें. औषधाइतकेंच छप्पर जीव वांचवितें, हें कळण्यास मध्यें एवढीं वर्षें गेलीं.

सर्वच मुलें वांचतील असें वचन कोणतेंहि राज्य देऊं शकत नाहीं. कांहीं कर्करोगांपुढें धनाढ्य देशहि हात टेकतात. पण मुलाचें मरण गाडीभाड्यावर ठरूं नये, एवढें वचन देणें त्याच्या आवांक्यांत आहे.

त्या दिवशीं आम्हीं खिशांत हात घातला. त्यानें मान खालीं घालून पैसे घेतले व म्हणाला, "ह्या खेपेचं झालं." त्या तीन शब्दांनीं आमच्या दातृत्वाचें समाधान पार ओसरलें. कोणी सुखवस्तु गृहस्थ नेमका त्या बांकावर बसला म्हणून एक खेप साधावी, यास दया म्हणतां येईल. न्याय म्हणतां येणार नाहीं.

शतकानुशतकें जगलेले चांगदेव अखेरीस लहानग्या मुक्ताबाईपुढें नम्र झाले, असें परंपरा सांगते. त्यांच्याच गांवीं खडे मांडणाऱ्या त्या मुलापुढें आम्हां वयोवृद्धांची मानहि खालीं गेली; मात्र ती नम्रतेनें नव्हे.