आपली पाळी दुसऱ्यास द्यावी काय ?

डोंबिवलीस एका सप्ताहात कीर्तन आटोपले. टाळकरी गेले, पेटीवाले पेटी बांधून गेले, तरी एक माळकरी गृहस्थ कोपऱ्यात बसूनच होते. मी म्हटले, "बोला, संकोच नको." तेव्हा ते म्हणाले, "बुवा, मी दान केलं की चोरी केली, एवढं सांगा." असा प्रश्न मला आजवर कोणी केला नव्हता.

हकीकत अशी. २०२० च्या फेब्रुवारीत हे गृहस्थ पत्नीसह लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईस गेले. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई आणि धाकटा भाऊ. पत्नीने लेकीजवळ राहायचे, यांनी एप्रिलात परतायचे, असे ठरले होते. पण २२ मार्चपासून परदेशची विमाने बंद झाली. पाठोपाठ आपल्या लोकल गाड्याही थांबल्या. तो काळ वाचकांस सांगायला नको. ७ मेपासून सरकारने 'वंदे भारत' या नावाने विमाने धाडून अडकलेल्यांस आणणे सुरू केले. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. पण नाव आधी वकिलातीच्या यादीत लागायचे. गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, काम सुटलेले मजूर यांस आधी घेण्याचा नियम होता. (यापूर्वी १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले तेव्हाही दीड लाखाहून अधिक आपली माणसे अम्मानमार्गे विमानांनी घरी आली होती. पण तेव्हा पाठीमागे लढाई होती, या वेळी पुढे-मागे कुठेच शत्रू दिसत नव्हता.)

यांचे वय साठीपुढचे, म्हणून मेअखेरीस नाव लागले. फोन आला. पण त्याआधी कागद देण्यासाठी हे गेले असता त्यांनी सावलीला बसलेले मजूर पाहिले होते. कामे गेलेली, खोलीचे भाडे थकलेले, एकाच डब्यात चौघे जेवणारे. "मी लेकीच्या घरी थंड हवेत दोन वेळ जेवत होतो, बुवा. मला घाई कसली?" त्यांनी फोनवर सांगितले, मला पुढच्या खेपेस घ्या. त्यांच्या जागी कोण बसले हे त्यांस आजतागायत ठाऊक नाही.

पुढची खेप जूनअखेरीस मिळाली. मधल्या काळात आई गेली. रोगाने नव्हे, वयाने. अग्नी धाकट्याने दिला. यांनी तो फोनच्या काचेत पाहिला. तेरावाही उरकला. मग मुंबईस उतरल्यावर सात दिवस स्वखर्चाने हॉटेलात राहायचे, पुढचे सात घरात वेगळे. जन्मभर ज्या गावाहून सव्वा तासात लोकलने मुंबई गाठली, ते गाव चौदा दिवस दूर झाले. आमच्या पाठशाळेत कलिवर्ज्य प्रकरण शिकताना, समुद्र ओलांडून आलेल्यास पंक्तीला घ्यावे की नाही यावर शास्त्रीबुवा तासभर बोलत आणि आम्ही पोरे हसत असू. ते हसू २०२० साली मला आठवले. असो. १ जुलैची आषाढी एकादशी यांनी त्या खोलीत काढली. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुकाही एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. वारी कोणाचीच झाली नाही, त्यामुळे वारी चुकल्याचे दुःख यांना नव्हते. दुःख दुसरेच होते.

आता विचार करू. याज्ञवल्क्यस्मृतीत दानाविषयी असा निर्णय आहे की, जे आपले आहे ते द्यावे, परंतु कुटुंबास बाध येणार नाही असे द्यावे. घरची मुले उपाशी ठेवून अन्नछत्र घालणाऱ्यास शास्त्र दाता म्हणत नाही. या न्यायाने पाहता विमानातली ती जागा एकट्या यांची होती काय? तीत आईचाही वाटा होता. आपण दर्शनबारीत उभे आहोत असे समजा. मध्येच कोणा म्हातारीला पुढे घेतले, तर पुण्य आपले आणि खोळंबा मागच्या शंभरांचा. परंतु आपण स्वतः बारीतून निघून शेवटी जाऊन उभे राहिलो, तर मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, कोणाचे काही जात नाही. यांनी केले ते हे दुसरे. तेवढ्यापुरते ते निर्दोष आणि थोरही. फक्त यांच्या पाठीशी बारीत एक माणूस असे उभे होते की जे कोणास दिसत नव्हते. हे मागे सरले तशी तीही मागे सरली.

कोणी म्हणेल, पुंडलिकाने तर प्रत्यक्ष देवाला विटेवर उभे केले, आईबापांची सेवा सोडली नाही. मग या गृहस्थाने उलट केले. हा आक्षेप मला पुरता पटत नाही. देव थांबू शकतो, त्याला अठ्ठावीस युगे काय आणि एक क्षण काय. पण तो काम सुटलेला मजूरही थांबू शकत नव्हता. त्याचीही कुठेतरी आई असेल. दोघे न थांबू शकणारे समोर असताना पुंडलिकाने काय केले असते, हे कथेत नाही, आणि कथेत नाही ते मी कीर्तनात सांगत नाही.

म्हणून मी त्यांना एकच विचारले, "आईला विचारलं होतंत?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही. धाकटा रोज फोन तिच्या कानाला लावायचा. त्या दिवशीही लावला. मी तब्येत विचारली, नि नंबर लागला होता हे बोललोच नाही. ती 'ये' म्हणाली असती, तर मला जागा सोडता आली नसती."

तेव्हा मी माझे मत सांगितले. ते त्यांनी मानले की नाही ठाऊक नाही. जागा सोडली त्यात दोष नाही. तिचे उत्तर काय येईल हे ओळखून तिला विचारलेच नाही, तो दोष आहे, आणि तो लहान नाही. आपले द्यायला आपण मोकळे. दुसऱ्याचा वाटा द्यायचा तर त्याला 'नाही' म्हणण्याची संधी देऊन द्यावा. मग तो 'नाही' म्हणाला तर आपले पुण्य बुडते, ते बुडू द्यावे. कदाचित ती माउली 'दे रे बाबा' असेही म्हणाली असती. मग दान दोघांचे झाले असते. तेही तिला मिळाले नाही.

"चोरी नाही म्हणत मी," मी म्हणालो, "पण विचारायचं राहिलं."

ते म्हणाले, "धाकटा सांगतो, शेवटी शेवटी ती रोज विचारायची, दादाची गाडी कल्याणला आली का?" तिला विमान ठाऊक नव्हते. आयुष्यभर तिचे सगळे आप्त कल्याणहूनच उतरून आलेले.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. हे गृहस्थ गेले. पौर्णिमेला गोपाळपुरास काला झाला की लाखो वारकरी एस.टी. किंवा रेल्वे धरतात. पादुकांबरोबर पायी परतणारे थोडे. वाटेत ना तशी गर्दी, ना तशा पंगती. त्या परतवारीत हे चालत आळंदीपर्यंत आले. रोज मुक्कामाला पोहोचले की डोंबिवलीस फोन लावीत. धाकटा उचले नि विचारी, "कुठवर आलास, दादा?" हे गावाचे नाव सांगत.