तोंडं मोजायची का घोट?

उन्हाळ्यात पाण्याची ओरड सुरू झाली की पारावर आणि पेपरात एक वाक्य हमखास येतं. माणसं लई झाली. जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, तोंडं वाढली, मग पुरणार कसं? वाक्य खोटं नाही. आमच्या जालना जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेला 16 लाख 13 हजार माणसं होती, 2011 ला ती 19 लाख 59 हजार झाली. शेकड्याला एकवीस वाढली. पाऊस काही तसा वाढला नाही. पण खरं वाक्यसुद्धा कोण बोलतंय ते बघावं लागतं. माझा अनुभव असा, की ज्याच्या विहिरीला पाणी असतं तोच हे जास्त बोलतो.

शिकलेली माणसं याला धारणक्षमता म्हणतात. एखादं रान स्वतः न खंगता सालोसाल किती जीव पोसू शकतं, ती मर्यादा. आमच्या बापाला हा शब्द ठाऊक नव्हता, पण हिशोब पक्का ठाऊक होता. दावणीला जनावरं किती ठेवायची, ते तो सुगीच्या कडब्यावर ठरवत नसे. मागच्या वाईट सालाला किती कडबा झाला होता, त्यावर ठरवायचा. "चांगल्या सालात कुणीबी पोसतंय," म्हणायचा.

1972 च्या दुष्काळात मी पोरगा होतो. मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. माणसं तगली. पण दावणी रिकाम्या झाल्या. कारण साधं होतं. माणसांसाठी बाहेरून धान्य आलं, जनावरांना पुरेल एवढी वैरण कुठून येणार? तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. रान किती जीव पोसतं, हे नुसतं रानावर ठरत नाही. अडचणीत कुणासाठी गाडी पाठवली जाते आन् कुणासाठी नाही, यावरही ठरतं.

दुसरा एक नियम जर्मनीच्या लिबिग नावाच्या शास्त्रज्ञानं गाजवला. पिकाला लागणाऱ्या दहा गोष्टींपैकी नऊ भरपूर असल्या आणि एक कमी पडली, तर पीक त्या एकीवर ठरतं. आमच्याकडं ती एक गोष्ट म्हणजे एप्रिल-मे महिन्यातलं पाणी. वर्षाचा पाऊस कागदावर कितीही दिसो, शिवाराची ऐपत त्या दोन महिन्यांत कळते.

आता घोटाचा हिशोब करू. टंचाईत टँकरचं पाणी माणशी दिवसाला 20 लिटर धरतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. दीड हजार वस्तीच्या गावाला टँकरच्या मापानं ते 73 दिवस पुरलं असतं. मे महिन्याच्या उन्हात तळ्याचं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर जरी उडालं, तरी नऊ हजार लिटर हवेत गेलं. म्हणजे साडेचारशे माणसांचा टँकर. मग तोंडं मोजायची का घोट मोजायचे?

तळं वाईट नाही. त्यात पाणी कुठून आलं, हा प्रश्न आहे. आमच्याच तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून पाणलोटाचं काम झालं. बांधबंदिस्ती केली, वाहून जाणारा पाऊस शिवारात मुरवला. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागांचं सरपण झालं, तेव्हाही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. वाहून जाणारं पाणी थांबवलं की शिवाराची ऐपत खरंच वाढते. पण विहिरीतलं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवलं, तर ऐपत वाढत नाही. दहाजणांची एकाच्या नावावर होते. आमच्या मुरमात आन् काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी थोडंच, आणि ते बांध ओळखत नाही. 1882 चा इंग्रजांचा कायदा मात्र ओळखतो. जमीन ज्याची, खालचं पाणी काढायचा हक्क त्याचा. हक्क आहे म्हणून ते न्यायाचं होतं का?

हा वाद माझ्या घरातच झाला. आमची मोसंबीची तीनशे झाडं. धाकटा म्हणाला, "अण्णा, सगळेच विहिरीतून तळं भरायलेत. आपूनच कामून मागं ऱ्हायचं? बाग वाळली तर बँकेचा हप्ता काय वस्तीवरचे भरतेत?" त्याचं चूक नव्हतं. पण आमच्या विहिरीच्या खालच्या अंगाला बिनजमिनीच्या माणसांची वस्ती आहे. दिवसरात्र मोटार चालली की तिथल्या हापशाला हवा येते.

गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावर जगते. आपण फरदड ठेवली, तिला उन्हाळ्यातही दाणापाणी केलं, की तिची वीण तुटत नाही. 2017 ला सगळ्यांनी ते भोगलं. खायला आहे तोवर वाढत राहायचं, एवढंच अळीला कळतं. कुठं थांबावं हे तिला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. माणसाला आतून सांगता येतं, एवढाच काय तो फरक.

शेवटी आम्ही बापाचं माप लावलं. वाईट सालात विहीर किती झाडं जगवील? दोनशे. मग जुनी शंभर झाडं काढली, तिथं ज्वारी आणि तूर घेतली. तळं पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यानं भरायचं. विहिरीची मोटार तळ्यात सोडायची नाही. पैशाची चणचण झाली. धाकटा अजून घुसमटतो, आणि त्याचं एक म्हणणं मला खोडता आलेलं नाही. आपण सोडलेलं पाणी वस्तीला जाईलच कशावरून, शेजारच्या बोअरमध्ये गेलं तर?

जाईलही. एकट्याच्या सोडण्यानं शिवार भरत नाही. त्यासाठी गावानं मिळून कुणी किती उपसायचं ते ठरवावं लागतं. पण ग्रामसभेत ते बोलायला उभं राहायचं, तर आधी स्वतःची मोटार बंद पाहिजे. आणि त्या सभेत पहिला प्रश्न माणसं किती झाली हा नसावा. सगळ्यात मोठा घोट कुणाचा, हा असावा.