तिला माणूस नको असेल तर?

भाची: आत्या, धर्मराजामागं कुत्रं आपण होऊन चाललं होतं. ही कुत्री तुझ्यामागं येत नाही, जिन्याखाली तोंड खुपसून बसलीय. जिला माणूसच नको, तिला घरात आणून आपण तिचं भलं करतोय की आपलं?

आत्या: ती निपाणीच्या स्टँडवर होती तेव्हा मीही हेच म्हणत होते. भटक्या कुत्र्यांसाठीच्या 2023 च्या नियमांप्रमाणं नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथनं उचललं तिथंच सोडायचं. मला ते पटायचं. पण 7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवायची, शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथं सोडायची नाहीत. आता मोकळीक की घर असा प्रश्नच उरला नाही. पिंजरा की घर, एवढंच.

भाची: म्हणजे कोर्टाचं चुकलं?

आत्या: तसं कसं म्हणू? चावलेल्या पोराच्या आईला काय सांगणार? रेबीजची लक्षणं दिसली की माणूस बहुधा हातचा जातोच. पण ह्या हुकमाची किंमत कुणीतरी मोजणार, ती सगळी भित्र्या जनावरानंच का मोजायची? शेल्टरमध्ये येणारी माणसं शेपूट हलवत पुढं येणारं पिल्लू घेऊन जातात. मागच्या कोपऱ्यातलं तिथंच राहतं.

भाची: अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट ह्यांनी काही पिल्लं 14 आठवड्यांपर्यंत माणसापासून लांब वाढवली होती. 1961 मध्ये त्यांनी लिहिलं, की ती पुढं रानटी जनावरासारखी माणसाला टाळत राहिली. हिचं लहानपण तसंच गेलं असेल तर? ही कधीच तुझ्या मांडीवर डोकं ठेवणार नाही.

आत्या: नको ठेवू दे. संध्याकाळी मी तिच्याकडं पाठ करून बसते आणि 'तरुण भारत' मोठ्यानं वाचते. अग्रलेखापर्यंत आले की ती बाहेर येते, भाकरीचा तुकडा उचलते. मी जरा वळले की ओठ चाटते, मान फिरवते, जांभई देते. ती जांभई झोपेची नव्हे, भीतीची. मग मी परत भिंतीकडं बघते. यू यू करत नाही, डोक्यावरनं हात फिरवायला जात नाही.

भाची: पण वाट बघतीसच की. 'एवढं केलं, आता तरी ये' असं मनात असेल, तर तो तिच्यामागं लावलेला तगादाच.

आत्या: येतं मनात. म्हणून बसायच्या आधी स्वतःला विचारते, ही कधीच आली नाही तरी चालेल का? 'चालेल' म्हणवलं तर बसते. नाहीतर भाकरी ठेवते आणि उठते.

भाची: आणि तुझं वय? ती अजून दहा वर्षं जगेल. एकाच माणसावर कसाबसा जीव बसायचा आणि तेच माणूस जायचं, हे स्टँडपेक्षा वाईट.

आत्या: त्या विचारानं झोप लागत नाही. तुझं नाव लिहून ठेवलंय.

भाची: कागदावरच्या नावाचं तिला काय? तिला माझा वास ओळखीचा पाहिजे, आवाज पाहिजे. ह्या शनिवारपासून मी बेळगावहून येते. रात्री राहीन.

आत्या: पहिले काही शनिवार तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. जमेल?

भाची: जमवीन. पण शेजारच्या काकूंनाही आत्ताच सांग. आपण दोघी पुरणार नाही.